उसाची मान मुरगळली : घाबरू नका, पण शेंडा फोडून बघा



पावसाळ्याची झड लागली की ऊस विकास विभागाकडे गटागटांतून एकच तक्रार येऊ लागते. कोणी म्हणतो, "उसाची मान मुरगळली." कोणी म्हणतो, "शेंडा पिळवटलाय, पोंगा उलगडतच नाही." कोणी चुरमडलेलं पिवळं पान खिशात घालून थेट गट ऑफिसात येतो. गावोगावचे शब्द वेगळे असले तरी बहुतेक वेळा दुखणे एकच असते. त्याचे नाव पोक्का बोइंग.

हा रोग ऐकायला नवा वाटला तरी बघायला नवा नाही. आपल्या कार्यक्षेत्रात तो दर पावसाळ्यात कमीजास्त दिसतोच. नुकसान रोगाने होते तसे ते आपल्या घाईनेही होते आणि आळसानेही होते. गेल्या पावसाळ्यात आम्ही एकाच आठवड्यात दोन प्लॉट पाहिले. एका सभासदाने "ऊस गेला" असे समजून सहा महिन्यांचा सव्वा एकर सुरू ऊस वैरणीला तोडायची तयारी केली होती. आम्ही पाच-सहा शेंडे फोडून दाखवले. आतला कोंब पांढराशुभ्र, निरोगी होता. तो ऊस त्यांनी ठेवला आणि सप्टेंबरअखेर नवी पाने सरळ आली. दुसऱ्या प्लॉटात याच्या अगदी उलट. "दरवर्षी होतं, आपोआप जातं" म्हणून महिनाभर कोणी आत शिरले नव्हते. तिथे शेंडे कुजून वास सुटला होता आणि उसाला पांगशा फुटू लागल्या होत्या.

बाहेरून दोन्ही उसांच्या माना सारख्याच मुरगळलेल्या होत्या. फरक होता तो आतल्या कोंबात. या लेखात आम्हाला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे, की मान किती वाकडी झाली यावरून निर्णय घेऊ नका. आतला कोंब जिवंत आहे की नाही ते बघा आणि मगच खिशात हात घाला.

हे नाव आले कोठून

पोक्का बोइंग हे नाव जावा बेटातील भाषेचे आहे. शेंडा बिघडणे, वेडावाकडा होणे असा त्याचा अर्थ. जावावर त्या काळी डच लोकांचे राज्य होते आणि तेथे उसाची मोठी लागवड होती. वाकर व वेंट या शास्त्रज्ञांनी १८९६ साली या रोगाचे वर्णन तेथेच केले. 'बोइंग'चा उच्चार खरा म्हणजे 'बुंग' असा आहे. डच लिहिण्याच्या पद्धतीमुळे आपल्याकडे तो 'बोइंग' झाला. विमानाशी त्याचा काही संबंध नाही! आपण सोयीसाठी त्याला 'शेंडा पीळ' म्हणू.

पुढे जावातल्या पीओजे २८७८ या नावाजलेल्या जातीवर हा रोग बराच आला. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात को ७२१९ आणि कोसी ६७१ या जातींवर त्याचे तीव्र प्रकार दिसले. अलीकडच्या वर्षांत उत्तर प्रदेशातील को ०२३८ या जातीवरही तो मोठ्या प्रमाणावर आढळला. म्हणजे हा रोग कोणा एका गावाचा, एका जमिनीचा किंवा एका खताचा नाही. जिथे ऊस आहे आणि दमट हवा आहे तिथे तो आहे.

मान मुरगळते कशी

हा बुरशीजन्य रोग आहे. बुरशीचे नाव फ्युजारियम. पूर्वी तिला एकच नाव होते, मोनिलिफॉर्मी. आता शास्त्रज्ञांनी तिचे प्रकार वेगळे केले आहेत. त्यांत सॅकॅरी, व्हर्टिसिलिऑइड्स व प्रोलिफेरेटम हे उसावर येणारे प्रमुख प्रकार होत.

या बुरशीचे बीजकण डोळ्यांना दिसत नाहीत. ते वाऱ्याबरोबर येतात आणि उसाच्या पोंग्यावर पडतात. पावसाच्या पाण्याबरोबर ते अर्धवट उघडलेल्या पोंग्यात उतरतात. पोंग्यातले पान कोवळे, त्याची साल मऊ, आत ओल आणि ऊब. बुरशीला याहून चांगली जागा कोणती? ती पानाच्या बुडाशी आत शिरते आणि तेथील पेशी मारते.

आता पीळ कसा पडतो ते बघा. कापड शिवताना एक बाजू ओढली गेली तर दुसऱ्या बाजूला चुण्या पडतात. पानाचेही तसेच होते. ज्या जागेच्या पेशी मेल्या तिथली वाढ थांबते, शेजारची जागा मात्र वाढत राहते. एक बाजू थांबलेली, दुसरी ओढणारी, म्हणून पान चुरमडते, आखूड राहते आणि पिळवटते. पोंग्यातली तीन-चार पाने अशी एकमेकांत अडकली की सगळी मानच मुरगळल्यासारखी दिसते.

बुरशी आत शिरल्यापासून पान उलगडून रोग दिसेपर्यंत साधारण महिना जातो. म्हणजे आज जे वाकडे पान तुम्हाला दिसते, त्याला रोग लागला तो महिन्यापूर्वी. त्या पानावर कितीही औषध मारले तरी ते सरळ होणार नाही. फवारणी असते ती पोंग्यात दडलेल्या पुढच्या पानांसाठी. "दोनदा फवारलं तरी पानं वाकडीच" ही तक्रार यातूनच येते. औषधाचा गुण बघायचा तर फवारणीनंतर निघणाऱ्या नव्या पानांकडे बघा.

रोगाच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी पिवळेपणा व पीळ. कोवळ्या पानाच्या बुडाशी फिकट पिवळा-पांढरा पट्टा दिसतो. पानाचे बूड नेहमीपेक्षा अरुंद असते. पाने आखूड, सुरकुतलेली आणि पिळलेली असतात. पुढे पिवळ्या भागावर तांबूस ठिपके-रेषा येतात, कधी पान तिथेच फाटते. बहुसंख्य ऊस या पायरीवरच थांबतो आणि हवा बदलली की सावरतो. मागे खूण म्हणून एक-दोन कांड्या आखूड राहतात, एवढेच.

दुसरी पायरी शेंडा कूज. बुरशी पानाच्या बुडातून खाली उतरून कोंबापर्यंत पोहोचते. पोंगा तपकिरी पडून सुकतो. शेंडा फोडला तर आत तांबूस, पाणचट आणि घाण वास. उसाला वाढणारा कोंब एकच असतो. तो मेला की त्या उसाची उंची तिथेच संपली. मग बाजूचे डोळे फुटतात, पांगशा येतात, खोडात साठलेली साखर त्या फुटव्यांना खर्ची पडते. वजनही जाते आणि उताराही जातो. खरे नुकसान ते हेच.

तिसरी पायरी कांडी कापल्यासारखी होणे. वरच्या कांड्यांवर कोयत्याचा आडवा घाव घातल्यासारख्या खाचा दिसतात. कांडी उभी फोडली तर आत शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे डाग असतात. असा ऊस वाऱ्याने त्याच जागी मोडतो. पुष्कळ वेळा घरातल्या मंडळींना वाटते की कोणी खोडसाळपणे कोयता चालवला. भांडणे करण्याआधी कांडी फोडून बघा.

या पायऱ्या ओळीने येतातच असे नाही. एकाच बेटात एक ऊस नुसता पिळलेला, तर शेजारचा कुजलेला असू शकतो.

कोणत्या उसाला जपावे

उन्हाळ्याच्या ताणानंतर एकदम झडीचा पाऊस, ढगाळ आकाश, २० ते ३० अंश तापमान आणि हवेत ७०-८० टक्क्यांच्या वर आर्द्रता, अशा हवेत हा रोग जोर धरतो. उसाचे वय तीन ते सात महिने असेल तर धोका अधिक, कारण तेव्हा वाढ जोमाची आणि पाने कोवळी असतात.

हा हिशेब आपल्या हंगामांना लावून बघा. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लावलेला सुरू ऊस जुलै-ऑगस्टात पाच ते आठ महिन्यांचा होतो. डिसेंबर ते मार्च या काळात तुटलेल्या उसाचा खोडवाही त्याच आसपास असतो. तेव्हा सुरू आणि खोडवा यांच्यावर पावसाळ्यात पहिली नजर ठेवावी. पूर्वहंगामी ऊस तोवर पुढे गेलेला असतो, पण अगदी निर्धास्त राहू नये. आदल्या वर्षीचा आडसाली पावसाळ्यात वर्षाच्या घरात असतो. त्याला रोग दिसला तर उपाय वेगळा आहे, तो पुढे दिला आहे.

पाणी तुंबणारी जमीन, दाट ऊस आणि वारेमाप युरिया या तीन गोष्टींनी रोगाला हात मिळतो. शेजाऱ्याचा ऊस हिरवागार काळा दिसतो म्हणून जुलैत आणखी दोन पोती युरिया टाकणारे सभासद आहेत. असा ऊस दिसायला छान असतो, पण पान मऊ पडते आणि बुरशीला ते सोयीचे जाते.

मान मुरगळण्याची दुसरी कारणे

प्रत्येक वाकडा शेंडा म्हणजे शेंडा पीळ नव्हे. कारण चुकले की औषध चुकते, म्हणून पुढील फरक ध्यानात ठेवा.

१) शेंडे कीड : पानावर एका ओळीत आडवी भोके दिसतात. पानाच्या मधल्या शिरेत अळी गेल्याची तांबडी रेघ असते. शेंड्याला झुपका येतो. शेंडा फोडला तर आत बोगदा किंवा अळी सापडते. इथे बुरशीनाशक मारून काही उपयोग नाही.

२) काणी : शेंड्यातून चाबकासारखा लांब काळा पट्टा निघतो, त्यावर सुरुवातीला पातळ चंदेरी पापुद्रा असतो. तो फुटला की काळी भुकटी उडते. असे बेट पापुद्रा फुटायच्या आत पोत्यात घालून मुळासकट काढावे व जाळून टाकावे. त्याचा खोडवा ठेवू नये.

३) तणनाशकाचा मार : २,४-डी जास्त झाले किंवा दुबार पडले तर पाने सुरळीसारखी गुंडाळतात. ओळखायची खूण अशी की दुखणे फवारणीच्या पट्ट्यानेच जाते. सरीच्या सरी एकदम, एकाच दिवशी, सारखीच. रोग तसा येत नाही, तो विखरून येतो.

४) बोरॉन किंवा कॅल्शियमची कमतरता : इथेही कोवळी पाने वाकडी होतात व पोंगा नीट उलगडत नाही. बोरॉन कमी असेल तर पान उजेडात धरल्यावर शिरांमध्ये पाणी भरल्यासारखे पारदर्शक डाग दिसतात. शंका आली तर माती तपासा. अंदाजाने बोरॉन टाकू नका, ते थोडे जास्त झाले तरी पिकाला बाधते.

५) लोहाची कमतरता : चुनखडीच्या जमिनीत नवी पाने पिवळी-पांढरी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात आणि पान पिळत नाही.

६) पुराचे पाणी : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूर भागात ज्या उसाच्या शेंड्यावरून पाणी गेले आणि पोंग्यात गाळ बसला, तिथे कोंब गुदमरून कुजले. दिसायला ती शेंडा कूजच होती, पण सुरुवात बुरशीने झाली नव्हती. अशा ठिकाणी आधी पाणी काढणे आणि पोंग्यातील गाळ धुणे महत्त्वाचे.

शेंडा कसा फोडून बघावा

बांधावरून ऊस बघू नका. बांधाकडेचा ऊस आणि आतला ऊस यांत फरक असतो. प्लॉटात पाच ठिकाणी आत शिरा. प्रत्येक ठिकाणी ओळीने वीस ऊस मोजा, म्हणजे एकूण शंभर झाले. त्यांत किती पिवळे-पिळलेले, किती शेंडे सुकलेले, किती कांड्यांना खाचा, ते वहीत किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. आठ दिवसांनी पुन्हा तसेच मोजा. आकडा वाढतोय की थांबलाय, हे कळणे फार मोलाचे आहे. नुसत्या नजरेला ते कळत नाही.

मग तीन ऊस निवडा. एक थोडा पिळलेला, एक मध्यम आणि एक सर्वांत वाईट. प्रत्येकाचा शेंडा दीड-दोन फूट खालून तोडा. बाहेरची पाने एक-एक सोलून काढा. आतला पोंगा राहिला की धारदार कोयत्याने शेंडा उभा फोडा, अगदी मधोमध.

कोंब पांढरा किंवा दुधी, घट्ट आणि कोबीच्या गाभ्यासारखा करकरीत असेल तर ऊस जिवंत आहे. पानाच्या बुडाशी तांबूस डाग असले तरी चालतील. कोंब तपकिरी, पाणचट आणि वास येणारा असेल तर तो ऊस गेला. मधल्या अवस्थेत तांबड्या रेषा कोंबाच्या दिशेने खाली येताना दिसतात. तिथे थांबून चालणार नाही.

एवढ्या कामाला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तीन ऊस खर्ची पडतात. हजारो रुपयांचे औषध किंवा सव्वा एकर ऊस यापेक्षा तो सौदा स्वस्तच नाही का?

मग काय करावे

अ) नुसता पीळ, कोंब चांगला, आकडा थांबलेला : काही फवारू नका. सरीतले पाणी बाहेर काढा. युरियाचा हात आवरा. दर आठ दिवसांनी मोजत राहा.

आ) नुसता पीळ, पण आकडा वाढतोय आणि झड चालूच आहे : बुरशीनाशकाची फवारणी करा. आधी याच प्लॉटात शेंडा कूज झालेली असेल तर अधिक वाट पाहू नका.

इ) शेंडा कूज सुरू : सुरू किंवा खोडवा पाच-सात महिन्यांचा असेल तर कुजलेले ऊस बुडातून काढून प्लॉटाबाहेर न्या आणि खड्ड्यात पुरा किंवा जाळा. बांधावर टाकून ठेवू नका. कुजलेला, बुरशी आलेला शेंडा जनावरांपुढेही टाकू नका. बाकीच्या उसावर फवारणी करा.

ई) वर्षाच्या घरातला आडसाली : शेंडे कुजले असले तरी खाली पुष्कळ ऊस तयार झालेला असतो. तो काढू नका. गट ऑफिसात लेखी कळवा, म्हणजे तोडणी कार्यक्रमात त्या प्लॉटाचा विचार करता येतो. पांगशा फुटल्यावर दिवसागणिक नुकसान वाढते. कांड्यांना खाचा असतील तर मोडतोडीचीही भीती असते.

फवारणी

पुढीलपैकी कोणतेही एक बुरशीनाशक घ्यावे. १५ लिटरच्या पंपाला प्रमाण असे :

कार्बेन्डाझिम : १५ ग्रॅम (लिटरला १ ग्रॅम)
कॉपर ऑक्सिक्लोराईड : ३० ग्रॅम (लिटरला २ ग्रॅम)
मॅन्कोझेब : ४५ ग्रॅम (लिटरला ३ ग्रॅम)

१२ ते १५ दिवसांच्या अंतराने दोन, गरज पडल्यास तीन फवारण्या कराव्यात. प्रत्येक वेळी तेच औषध न वापरता बदलून घ्यावे. पावसाळा असल्याने चिकट द्रव्य, म्हणजे स्टिकर, अवश्य मिसळावे. पाऊस उघडलेला दिवस बघून पाने कोरडी असताना फवारावे.

फवारा पोंग्यात गेला पाहिजे. रोग शेंड्यात आणि आपण पंप मारतो कमरेएवढ्या पानांवर, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. ऊस डोक्याच्या वर गेला असेल तर लांब दांडी लावा. ड्रोनने फवारायचे असेल तर त्यात पाणी फारच कमी लागते. तेव्हा वर दिलेले पंपाचे प्रमाण तसेच ड्रोनला लावू नका, आधी कृषी विभागाकडे विचारा.

दुकानात कोणी चार-पाच औषधांचा 'किट' हातात ठेवला तर प्रत्येक बाटली कशासाठी ते विचारा. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच टाकीत ओतल्याने रोग चौपट वेगाने जात नाही, खर्च मात्र चौपट होतो. विशेषतः तांब्याचे औषध दुसऱ्या कशात मिसळू नये. पुडीवरची माहिती वाचावी, पक्के बिल घ्यावे. फवारताना तोंडाला फडके, हातात मोजे, वाऱ्याकडे पाठ आणि तंबाखू खिशाबाहेर, एवढे पथ्य पाळावेच. फवारलेल्या प्लॉटातील वाढे व गवत लगेच वैरणीला नेऊ नये.

पुढच्या लागणीसाठी

रोग हवेतून येतो, त्यामुळे नुसत्या बेणे प्रक्रियेने तो कायमचा बंद होईल असे नाही. तरीही रोगट उसाचे बेणे वापरू नये. त्याची उगवण कमी होते आणि रोप सुरुवातीपासूनच अशक्त राहते. बेणे मळ्यातले ९ ते ११ महिन्यांचे, रसरशीत, निरोगी बेणे घ्यावे. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून टिपऱ्या १० ते १५ मिनिटे बुडवून लावाव्यात. बेणे प्रक्रिया ही जमिनीतल्या बुरशीपासून कोंबाचे रक्षण करते, हा त्याचा दुसरा फायदा.

खताचा हिशेब ठेवावा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार एकरी नत्र सुरू व खोडव्याला १०० किलो, पूर्वहंगामीला १३६ किलो आणि आडसालीला १६० किलो आहे. को ८६०३२ साठी २५ टक्के जादा मात्रा सांगितली आहे. १०० किलो नत्र म्हणजे ४५ किलोच्या जवळपास पाच गोण्या युरिया. तोही एकदम नव्हे, हप्त्यांनी. शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीला. त्यानंतर पावसाळ्यात वरून युरिया फेकायची सवय सोडावी.

लागण रुंद सरीवर करावी, म्हणजे हवा खेळते आणि गरज पडली तर आत माणूस शिरू शकतो. पाणी निघायला चर पावसाआधी काढावेत, पाऊस लागल्यावर नव्हे.

सभासदांचे नेहमीचे प्रश्न

शेजाऱ्याच्या उसावरून रोग आला का?
हवेतून येणाऱ्या रोगाला बांध नसतो. तो शेजारून येईल, लांबूनही येईल. त्यासाठी वाद घालण्यापेक्षा दोघांनी मिळून एकाच वेळी फवारणी केली तर दोघांचाही फायदा.

रोग येऊन गेलेल्या उसाचा खोडवा ठेवावा का?
नुसता पीळ येऊन ऊस सावरला असेल तर जरूर ठेवावा. शेंडा कूज मोठ्या प्रमाणावर झाली असेल आणि बेटे विरळ झाली असतील तर मात्र खोडवा ठेवू नये. पीकपालट करून ताग, सोयाबीन किंवा हरभरा यांसारखे पीक घ्यावे.

पाचट जाळलं तर बुरशी मरेल ना?
बुरशी पिकाच्या अवशेषांवर काही काळ टिकते हे खरे. म्हणून कुजलेले शेंडे वेगळे काढून नष्ट करा. पण त्यासाठी सगळे पाचट जाळणे म्हणजे ढेकणासाठी घर पेटवणे. बीजकण वाऱ्याने पुन्हा येणारच, जमिनीचा सेंद्रिय माल मात्र गेला तो गेला.

ट्रायकोडर्मा वापरला तर चालेल का?
जमिनीसाठी तो चांगलाच आहे, जरूर वापरावा. पण शेंड्यात कूज सुरू झाल्यावर केवळ त्याच्यावर विसंबू नये.

वाकडी पाने तोडून टाकावीत का?
नको. वाकडे असले तरी जेवढे हिरवे आहे तेवढे पान उसासाठी अन्न तयार करते. शिवाय तोडताना जखमा होतात. कोंब कुजला असेल तर पूर्ण ऊस काढा, एरवी पानाला हात लावू नका.

थोडक्यात

जूनअखेर चर मोकळे करा. जुलै ते सप्टेंबर सुरू व खोडव्यात दर आठवड्याला आत शिरून शंभर ऊस मोजा. मान मुरगळलेली दिसली की तीन शेंडे फोडा. कोंब पांढरा आणि आकडा थांबलेला असेल तर धीर धरा. आकडा वाढत असेल तर फवारा. कोंब कुजला असेल तर तो ऊस काढून बाकीचे वाचवा. बेण्याला रोगट ऊस वापरू नका.

ज्यांना स्वतः शेंडा फोडून खात्री वाटत नसेल त्यांनी आपल्या गटाच्या चीटबॉयकडे किंवा गट ऑफिसात निरोप द्यावा. येताना एकटे पान आणू नका. त्यावरून आतले काही कळत नाही. दीड-दोन फुटांचा शेंडा ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा आणि तो कोणत्या तारखेच्या लागणीचा, कोणत्या जातीचा, शेवटचे खत व तणनाशक कधी दिले, हे चिठ्ठीवर लिहून द्या. अर्धे निदान त्या चिठ्ठीतच होते.

तरी सर्व सभासदांनी या पावसाळ्यात आपापल्या प्लॉटात वेळीच लक्ष घालावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास विभाग